पांडाजमधला अडगळीतला पार्सिंग कोड: काढण्याआधी काय तपासायचं आणि कुठे फसतं

प्रश्न थोडक्यात असा: पांडाज या डेटा विश्लेषणाच्या पायथन लायब्ररीत सीएसव्ही (स्वल्पविरामाने विभागलेल्या मजकुराच्या फाइली) आणि तारखा वाचणाऱ्या, म्हणजे पार्सिंगच्या, कोडमध्ये काही फंक्शनं कोणीच वापरत नाही असं दिसतं. शोधलं तर कॉल सापडत नाही, काढून टाकली तरी टेस्ट पास होतात. मग पुल रिक्वेस्ट (बदल मूळ कोडमध्ये घेण्याची विनंती) टाकून ती सरळ उडवावीत का, आणि कोणत्या क्रमाने?

उडवावीत, नक्कीच. पार्सरमधला निरुपयोगी कोड नुसता पडून राहत नाही. पुढे कोणीही तिथला बग दुरुस्त करायला बसला की त्याला तोही कोड वाचावा लागतो, त्याचाही विचार करून बदल करावा लागतो. पण 'कॉल सापडला नाही' आणि 'टेस्ट पास झाल्या' हे दोन पुरावे पार्सिंगच्या बाबतीत फार कच्चे आहेत. इतर ठिकाणी कोणती वाट चालायची हे प्रोग्रामर ठरवतो. पार्सरमध्ये ते समोर आलेली फाइल ठरवते. एखादी ओळ वर्षभर झोपलेली असते आणि कोणाच्या तरी फाइलमध्ये बंद न झालेलं अवतरणचिन्ह आलं की जागी होते. म्हणून आधी तपासणीबद्दल सविस्तर लिहितो, काढण्याची कृती नंतर. (कोडमधली नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत; शोधताना अर्थातच मूळ स्पेलिंग घ्या.)

आधी नकाशा. सीएसव्हीचा कोड तीन थरांत आहे. वर पायथन: आयओ/पार्सर्स फोल्डरमधल्या रीडर्स, बेस_पार्सर, सी_पार्सर_रॅपर, पायथन_पार्सर, ॲरो_पार्सर_रॅपर या फाइली. मध्ये सायथन (पायथनसारखी लिहून सी मध्ये रूपांतरित होणारी भाषा): _लिब्स मधली पार्सर्स.पीवायएक्स, जिच्यात टेक्स्टरीडर हा क्लास आहे. तळाला सी: टोकनायझर.सी. तिथे एकेक अक्षर वाचत 'फील्डच्या सुरुवातीला', 'फील्डमध्ये', 'अवतरणात', 'कॉमेंट गिळतोय' अशा अवस्था बदलत जाणारं यंत्र चालतं. तारखांचा संसार वेगळा आहे, तो _लिब्स/टीएसलिब्स/पार्सिंग.पीवायएक्स मध्ये. एखादी गोष्ट वरच्या थरात मेली म्हणून खालच्या थरातही मेली असं समजणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक आहे.

डेलिम_व्हाइटस्पेस हा याचा उत्तम नमुना. रीड_सीएसव्ही चा हा कीवर्ड २.२ मध्ये, म्हणजे जानेवारी २०२४ मध्ये डेप्रिकेट झाला, म्हणजे 'पुढे काढणार' अशी वॉर्निंग देऊ लागला, आणि ३.० मध्ये गेला. त्याऐवजी सेपरेटर म्हणून 'बॅकस्लॅश एस प्लस' हा रेजेक्स (अक्षरांचा नमुना सांगणारं सूत्र) द्यायचा. कीवर्ड गेला म्हटल्यावर टोकनायझरमध्ये त्याच नावाचा फ्लॅग आणि त्याच्या भोवतीच्या सगळ्या अटी आता फुकट जागा अडवतायत असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात त्या पूर्ण जिवंत आहेत. रीडर्स.पीवाय मधलं _क्लीन_ऑप्शन्स बघा. फाइल प्रत्यक्ष वाचणाऱ्या भागाला इंजिन म्हणतात; त्यातल्या सी इंजिनला रेजेक्स कळत नाही. एकापेक्षा जास्त अक्षरांचा सेपरेटर आला की काम पायथन इंजिनकडे जातं. त्याला अपवाद फक्त याच एका रेजेक्सचा. तो दिसला की _क्लीन_ऑप्शन्स आतल्या आत डेलिम_व्हाइटस्पेस चा फ्लॅग लावतं आणि काम सी इंजिनकडेच ठेवतं.

हा दुवा कापला तर काय होईल ते नीट समजून घ्या, कारण इथेच टेस्ट फसवतात. इंजिन स्पष्टपणे 'सी' सांगितलं असेल तर व्हॅल्यूएरर येईल, म्हणजे चूक दिसेल. पण बहुतेक लोक इंजिन सांगतच नाहीत. त्यांच्यासाठी पांडाज एक पार्सरवॉर्निंग देऊन पायथन इंजिनवर जाईल आणि उत्तर तेच येईल. फक्त जागेने विभागलेल्या मोठ्या लॉग फाइली वाचायला कितीतरी जास्त वेळ लागेल. उत्तर बरोबर असल्यामुळे ज्या टेस्टमध्ये इंजिनही ठरलेलं नाही आणि वॉर्निंगवरही लक्ष नाही, ती गप्प राहील. म्हणून कीवर्ड, आतला फ्लॅग आणि त्या फ्लॅगवर चालणारा कोड या तीन गोष्टींचं जिवंत असणं-नसणं वेगवेगळं तपासायचं.

दुसरा नमुना तारखांचा. कॉन्कॅट_डेट_कॉल्स या सायथन फंक्शनचं नाव वाचून वाटतं की वर्ष, महिना, दिवस अशा अनेक कॉलमांचे तुकडे जोडून एक तारखेचं अक्षरसूत्र बनवणं एवढंच त्याचं काम. पार्स_डेट्स ला याद्यांची यादी देऊन कॉलम जोडण्याची सोय २.२ मध्ये डेप्रिकेट झाली, ३.० मध्ये बंद झाली. मग हे फंक्शनही जायलाच हवं. पण २.x मधला कोड उघडून पाहा: कॉलम एकच असला तरी हे फंक्शन बोलावलं जात होतं, आणि एका कॉलमच्या वेळी ते दुसरंच काम करत होतं. प्रत्येक मूल्याचं स्ट्रिंगमध्ये रूपांतर.

ते रूपांतर महत्त्वाचं का? समजा कॉलममध्ये २०२४०११५ असे आकडे आहेत आणि ते आधीच पूर्णांक म्हणून वाचले गेले आहेत. स्ट्रिंग करून टू_डेटटाइम ला दिले तर १५ जानेवारी २०२४ मिळते. तसेच पूर्णांक दिले तर ते १ जानेवारी १९७० पासूनचे नॅनोसेकंद धरले जातात आणि उत्तर येतं १९७०-०१-०१ ००:००:००.०२०२४०११५. कुठलीही एरर नाही, कॉलमचा डीटाइपही (मूल्यांचा प्रकार) बरोबर, फक्त सगळ्या तारखा चुकीच्या. डेटा विश्लेषणाच्या लायब्ररीत याहून वाईट बिघाड नसतो, कारण तो वापरणाऱ्याला थेट आलेखातच दिसतो, किंवा दिसतच नाही. तेव्हा अशा फंक्शनला हात लावण्याआधी त्याची सगळी कामं कागदावर उतरवा: नावात सांगितलेलं काम, आणि वाटेत उरकलेली कामं. पहिलं काम संपलं असेल. दुसरं कोणाकडे सोपवायचं ते ठरल्याशिवाय कोड काढू नका.

याच्या उलट स्वच्छ उदाहरणही आहे. आयओ.डेट_कन्व्हर्टर्स या मॉड्यूलमधली पार्स_डेट_टाइम, पार्स_डेट_फील्ड्स वगैरे फंक्शनं १.२ मध्ये डिसेंबर २०२० साली डेप्रिकेट झाली आणि एप्रिल २०२३ च्या २.० मध्ये गेली. त्यांच्यासाठी सायथनमध्ये ट्राय_पार्स_डेट_अँड_टाइम, ट्राय_पार्स_इयर_मंथ_डे अशी मदतनीस फंक्शनं होती. या मदतनिसांना बाहेरच्या कोणाशी देणंघेणं नव्हतं, त्यामुळे मालक गेला की तेही जाऊ शकत होते. पण मालक असेपर्यंत नाही, हेही तितकंच खरं. डेप्रिकेट झालेलं फंक्शन हे वापरातलं फंक्शन असतं. वॉर्निंग देत असलं तरी काम ते करतंच.

आता शोधाबद्दल. गिट ग्रेपने संपूर्ण रेपो पाहा, फक्त .पीवाय फाइली नाही. .पीवायएक्स, .पीएक्सडी, .पीवायआय, .सी, .एच, डॉक फोल्डरमधल्या .आरएसटी, एएसव्ही_बेंच मधले बेंचमार्क (वेगाच्या चाचण्या), मेसन.बिल्ड, सगळं. त्यानंतर गिट लॉगला मोठ्या एसचा पर्याय देऊन फंक्शनचं नाव शोधा. ज्या कमिटमध्ये त्या नावाच्या उल्लेखांची संख्या बदलली तेवढेच कमिट मिळतात, म्हणजे फंक्शन कधी आलं आणि शेवटचा कॉल कधी गेला हे दोन्ही सापडतं. शेवटचा कॉल काढणाऱ्या कमिटची चर्चा वाचाच. तिथे बहुतेक वेळा दोनपैकी एक असतं: 'मदतनीस नंतर काढू', म्हणजे तुमचा मार्ग मोकळा, किंवा कॉल चुकून गेलेला असतो, आणि मग तुम्हाला निरुपयोगी कोड नाही, बग सापडलेला असतो. दुसऱ्या प्रकारात फंक्शन काढणं म्हणजे बगवर शिक्कामोर्तब करणं.

नाव शोधून सापडत नाहीत असे कॉल पार्सरमध्ये मुख्यतः फंक्शन पॉइंटरमधून होतात. दशांश आकडे वाचण्यासाठी सी मध्ये तीन वाटा आहेत: एक्सएसटीआरटीओडी, प्रिसाइज_एक्सएसटीआरटीओडी आणि राउंड ट्रिप. फ्लोट_प्रिसिजन प्रमाणे टेक्स्टरीडर यातली एक निवडून पार्सरच्या स्ट्रक्टमधल्या डबल_कन्व्हर्टर मध्ये ठेवतो. पुढे सगळीकडे त्या पॉइंटरचंच नाव दिसतं. १.२ पासून डिफॉल्टला प्रिसाइज वाला चालतो. साध्या टेस्ट चालवून कव्हरेज (कोणत्या ओळी प्रत्यक्ष चालल्या याची मोजणी) काढलं तर पहिला एक्सएसटीआरटीओडी एकदाही चालला नाही असं दिसू शकतं. पण 'लेगसी' मागणाऱ्याला तोच लागतो, आणि तो कागदोपत्री नोंदलेला सार्वजनिक पर्याय आहे. फाइल वाचण्याची आणि बंद करण्याची कॉलबॅकंही अशीच पॉइंटरनेच जोडलेली आहेत.

पीडी_पार्सर.सी मधली फंक्शनं तर पायकॅप्सूलमधून (सी चे पॉइंटर एका मॉड्यूलकडून दुसऱ्याकडे देणारं पायथनचं वेष्टन) जातात. तिथलं फ्लोटिफाय हे सीएसव्हीसाठी लागत नाही असं वाटतं, पण लिब.पीवायएक्स मधून आकड्यांच्या रूपांतरासाठी ते बोलावलं जातं. हेडरमधला मॅक्रो त्या नावाचा कॉल कॅप्सूलच्या स्ट्रक्टकडे वळवतो. या स्ट्रक्टमधून एखादा सदस्य काढलात तर त्यावर अवलंबून असलेली सगळी मॉड्यूलं नव्याने बिल्ड करा, जुनी .एसओ फाइल (बिल्ड झालेलं मॉड्यूल) मागे राहिली तर पॉइंटरांचा क्रम सरकलेला असतो आणि भलतंच फंक्शन बोलावलं जातं.

आणखी एक मोठा आंधळा कोपरा: पायथन इंजिन फक्त सीएसव्हीचं नाही. रीड_एक्सेल, रीड_एचटीएमएल आणि रीड_एक्सएमएल हे तिघे टेक्स्टपार्सर वापरतात, आणि टेक्स्टपार्सर नेहमी पायथन इंजिन घेतो. पायथन_पार्सर.पीवाय मधल्या काही अटी सीएसव्हीकडून कधीच पुऱ्या होत नाहीत, कारण तिथून फक्त स्ट्रिंग येतात. एक्सेलकडून मात्र आधीच आकडे आणि तारखा बनलेली मूल्यं येतात. त्यामुळे 'हे मूल्य स्ट्रिंग नसेल तर' असा भाग दिसला की आधी एक्सेल आठवा.

तारखांच्या फाइलीतही तसंच. २.० पासून टू_डेटटाइम पहिल्या रिकाम्या नसलेल्या मूल्यावरून फॉरमॅट ओळखतं आणि तोच सगळ्यांना लावतं. त्यामुळे एकेक स्ट्रिंग सुटी वाचणारी बरीच फंक्शनं त्या वाटेवर येईनाशी झाली. ती अनाथ झाली असा निष्कर्ष मात्र काढू नका. टाइमस्टँपला एकटी स्ट्रिंग देणं, पिरियड बनवणं, फॉरमॅट 'मिक्स्ड' मागणं, डेटटाइमइंडेक्सवर '२०२४-०१' लिहून पूर्ण महिना निवडणं, '२०२४क्यू१' अशी तिमाही लिहिणं, हे सगळे त्या दाराने येतात.

साधनांचा उपयोग आहे, मर्यादा ओळखून. व्हल्चर हे पायथनमधला न वापरलेला कोड शोधतं आणि प्रत्येक निकालाला खात्रीची टक्केवारी देतं: कधीच न पोचता येणारा कोड आणि न वापरलेले आर्ग्युमेंट यांना १००, इम्पोर्टला ९०, फंक्शन-क्लास-व्हेरिएबलला ६०. त्या ६० टक्क्यांचा अर्थ 'काढा' असा नाही, 'पाहा' असा आहे. शिवाय व्हल्चरला .पीवायएक्स वाचता येत नाही, म्हणून सायथनमधून बोलावलेलं पायथन फंक्शन त्याला बेवारस वाटतं. पायटेस्टचे फिक्स्चर (टेस्टना आपोआप पुरवली जाणारी तयारी) आणि गेटॲटर ने उचललेली नावं यांवरही ते अडखळतं. रफ या कोड तपासणाऱ्या साधनाचे न वापरलेले इम्पोर्ट आणि स्थानिक व्हेरिएबलांचे नियम भरवशाचे आहेत, पण तो किरकोळ कचरा झाला.

सी कंपायलरला 'न वापरलेलं फंक्शन' ही वॉर्निंग देता येते ती स्टॅटिक फंक्शनांपुरती. हेडरमध्ये जाहीर केलेलं फंक्शन दुसरी फाइल वापरत असेल असं तो गृहीत धरतो आणि गप्प बसतो. एक सोपी युक्ती: संशयित फंक्शन तात्पुरतं स्टॅटिक करा, हेडरमधली घोषणा काढा आणि पूर्ण बिल्ड करा. वॉर्निंग आली तर त्या फाइलीत त्याला कोणी वापरत नाही. दुसरी एखादी फाइल वापरत असेल तर ती तक्रार करेल.

कव्हरेजच्या बाबतीत दोन सापळे आहेत. सायथनच्या ओळी साध्या बिल्डमध्ये कव्हरेजला दिसतच नाहीत. लाइनट्रेस डायरेक्टिव्ह आणि सायथन_ट्रेस मॅक्रो लावून वेगळं बिल्ड करावं लागतं, आणि ते फार सावकाश चालतं. दुसरा सापळा आकाराचा. लो_मेमरी चालू असताना सी इंजिन फाइल तुकड्यांत वाचतं. तुकड्याच्या ओळी ठरवताना २,६२,१४४ या आकड्याला कॉलमांच्या संख्येने भागतात आणि भागाकाराच्या आत बसणारा दोनचा मोठ्यात मोठा घात घेतात. दहा कॉलम असतील तर एक तुकडा १६,३८४ ओळींचा. टेस्टमधल्या बहुतेक सीएसव्ही पाच-दहा ओळींच्या असतात, म्हणजे त्या एकाच तुकड्यात संपतात. दोन तुकड्यांत वेगवेगळे डीटाइप निघाले तर ते जुळवण्याचा कोड अशा टेस्टना कधी भेटतच नाही. कव्हरेज शून्य दाखवेल आणि वापरकर्त्याची दोन लाख ओळींची फाइल रोज तिथून जात असेल. तपासताना निदान दोन तुकडे होतील एवढी फाइल मुद्दाम बनवा, आणि दुसऱ्या तुकड्यात पूर्णांकांच्या जागी एखादा शब्द घाला.

माझ्या मते या सगळ्यांपेक्षा भरवशाचा उपाय म्हणजे सुरुंग लावून बघणं. संशयित जागी मुद्दाम प्रोग्राम पाडणारी ओळ टाका, बिल्ड करा, टेस्ट आणि हाताने बनवलेल्या वाकड्या फाइली चालवा. मात्र इथे साधा एक्सेप्शन टाकू नका. तारखांच्या कोडमध्ये 'हे जमलं नाही तर पुढचा मार्ग' अशा ट्राय-एक्सेप्टच्या साखळ्या आहेत, त्या तुमचा एक्सेप्शन गिळून पुढे जातील. सायथन ३ च्या आधी तर एक्सेप्ट न लिहिलेल्या सीडेफ फंक्शनमधला एक्सेप्शन कॉल करणाऱ्यापर्यंत पोचतच नसे, स्क्रीनवर एक ओळ उमटून विरून जाई. नोएक्सेप्ट लिहिलेल्या फंक्शनांचं आजही तसंच आहे. सी चं अबॉर्ट वापरा. प्रोसेसच मरते, शंकेला जागा उरत नाही. पायटेस्ट अनेक वर्करवर चालवत असाल तर 'वर्कर क्रॅश झाला' असा निरोप कोणत्या टेस्टच्या नावाने येतो ते टिपून घ्या. तोच तुमचा हरवलेला कॉल.

हे लिनक्सवर करून थांबू नका. इफडेफ विंडोज च्या आतला कोड तुमच्या मशीनवर कंपाइलच होत नाही, त्यामुळे तिथे सुरुंग लावूनही काही कळत नाही. आयओ.सी मध्ये एके काळी फाइल स्वतः उघडण्याचा कोड होता, मेमरी मॅपिंगसह, आणि विंडोजवरच्या युनिकोड पाथसाठी त्यात वेगळा भाग होता. नंतर फाइल उघडण्याचं काम पायथनकडे गेलं आणि सी मध्ये पायथनच्या हँडलमधून बाइट ओढणारा स्रोत तेवढा उरला. अशा सफाईचा निकाल विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींचे सीआय (पुल रिक्वेस्टवर आपोआप चालणाऱ्या टेस्ट) हिरवे झाल्यावरच खरा मानायचा.

आता कृती. काढायचं ते बाहेरून आत: आधी सार्वजनिक कीवर्ड, मग तो वाहून नेणारा पायथन कोड, मग सायथन, शेवटी सी. प्रत्येक थर वेगळ्या कमिटमध्ये, आणि दर कमिटला बिल्ड आणि टेस्ट दोन्ही झाले पाहिजेत. उद्या काही बिघडलं तर गिट बायसेक्ट (बिघाड आणणारा कमिट शोधणारी आज्ञा) नेमक्या थरावर बोट ठेवतं.

सार्वजनिक भाग असेल तर मुदत पाळावी लागते. १.० पासून, म्हणजे जानेवारी २०२० पासून, पांडाज डेप्रिकेट केलेल्या गोष्टी मेजर आवृत्तीतच काढतं. अंडरस्कोरने सुरू होणारं _लिब्स आणि पांडाज.कोर हे खासगी समजले जातात, तिथली अंतर्गत सफाई कधीही करता येते. पांडाज.आयओ मधलं जे काही दस्तऐवजात नोंदलेलं आहे ते सार्वजनिक. शंका असेल तर आधी इश्यू उघडून विचारा. दोन दिवस थांबणं पुल रिक्वेस्ट मागे घेण्यापेक्षा परवडतं.

कीवर्ड काढताना जागा विसरतात. रीड_सीएसव्ही आणि रीड_टेबल दोन्हींच्या सिग्नेचर, टाइप तपासणीसाठीचे ओव्हरलोड, डॉकस्ट्रिंग, डिफॉल्ट मूल्यांच्या डिक्शनऱ्या, 'हे इंजिन हा पर्याय चालवत नाही' असे संच, आणि रीड_एक्सेल व एक्सेलफाइल.पार्स. काढून टाकलेल्या कीवर्डसाठी 'हा आता नाही' सांगणारा खास कोड मागे ठेवू नका; पायथनचा टाइपएरर पुरेसा आहे. मात्र रीड_क्लिपबोर्ड आणि रीड_एफडब्ल्यूएफ हे उरलेले कीवर्ड तसेच पुढे ढकलतात. तिथे टाइपएरर खरंच येतो का, की जुनं नाव आत कुठेतरी गुपचूप जिरतं, ते हाताने चालवून बघा.

सायथन आणि सी काढताना जोडीच्या फाइली विसरू नका. .पीवायएक्स मधलं फंक्शन गेलं पण .पीवायआय स्टबमध्ये राहिलं तर टाइप तपासणारा मायपाय खूश असतो, कारण तो स्टबवर विश्वास ठेवतो. बिघाड चालवताना कळतो. सी मध्ये याहून फसवा प्रकार आहे. फंक्शनचा देह काढला आणि हेडरमधली घोषणा व कुठेतरी एखादा कॉल राहिला, तर लिनक्सवर कंपाइल होतं, लिंकही होतं, कारण पायथन एक्स्टेंशनच्या .एसओ फाइलीत न सुटलेली सिंबॉल चालतात. मग इम्पोर्ट पांडाज करताना 'अनडिफाइन्ड सिंबॉल' म्हणून आपटतं. म्हणून बिल्ड झालं यावर समाधान मानू नका, इम्पोर्ट करा. २.१ पासून बिल्ड मेसन या साधनावर आहे, तेव्हा पूर्ण .सी फाइल गेली असेल तर मेसन.बिल्ड मधल्या यादीतूनही ती काढावी लागते.

टोकनायझरमधली एखादी अवस्था काढताना जास्त जपा. एनममधली ओळ काढणं सोपं आहे. पण त्या अवस्थेत कुठून कुठून शिरता येतं आणि फाइल मध्येच संपली तर काय होतं, हे दोन्ही शोधून बघा. फाइलच्या शेवटी अवस्थांची वेगळी हाताळणी आहे, आणि शेवटच्या ओळीला नवी ओळ नसलेली फाइल ही तिथली नेहमीची परीक्षा.

टेस्ट सरसकट उडवू नका. काढलेल्या कीवर्डच्या टेस्टमध्ये तीन जाती असतात. फक्त वॉर्निंग येते का हे पाहणाऱ्या गेल्या तरी चालतात. कीवर्डच्या निमित्ताने वेगळंच काही तपासणाऱ्या, उदाहरणार्थ जागेने विभागलेल्या फाइलीत मध्येच कॉमेंट किंवा रिकामी ओळ आली तर काय, या नव्या लिखाणात बदलून ठेवायच्या. आणि ज्यांत जुनी आणि नवी पद्धत एकच उत्तर देतात का ते पाहिलं होतं, त्यांच्यात अपेक्षित उत्तर स्पष्ट लिहून ठेवायचं, कारण तुलनेची एक बाजू आता राहिलेली नाही. बहुतेक टेस्ट ऑल_पार्सर्स फिक्स्चरवर असतात, ते प्रत्येक टेस्ट सी इंजिनवर लो_मेमरी चालू आणि बंद असं दोनदा, शिवाय पायथन आणि पायॲरो इंजिनवर चालवतं. ते सोडून फक्त सी इंजिनपुरती टेस्ट लिहू नका.

चालवायचं काय? टेस्ट्स/आयओ/पार्सर पूर्ण, टेस्ट्स/आयओ/एक्सेल, एचटीएमएल, एक्सएमएल आणि क्लिपबोर्डच्या टेस्ट, टेस्ट्स/टीएसलिब्स, आणि टेस्ट_टू_डेटटाइम. वेगासाठी एएसव्ही कंटिन्युअस १.१ च्या मर्यादेने, आयओ.सीएसव्ही च्या बेंचमार्कवर. एखादी अट काढून वेग वाढेल अशी अपेक्षा ठेवू नका. वेग कमी झाला नाही ना, एवढंच पाहायचं आहे. वर सांगितलेलं इंजिन बदलण्याचं प्रकरण टेस्टमध्ये निसटलं तरी इथे लगेच उघडं पडतं.

पुल रिक्वेस्टचं शीर्षक निव्वळ अंतर्गत सफाई असेल तर सीएलएन ने सुरू करा. त्याला व्हॉट्सन्यूमध्ये (आवृत्तीतल्या बदलांच्या यादीत) नोंद लागत नाही. डेप्रिकेशनची अंमलबजावणी असेल तर नोंद लागते, आणि ती 'आधीच्या आवृत्तीतली डेप्रिकेशन काढणे' या विभागात जाते. वर्णनात 'अनयूज्ड कोड काढला' एवढं लिहून सोडू नका. शेवटचा कॉल कोणत्या कमिटमध्ये गेला, कोणत्या फाइल प्रकारांत शोधलं, पॉइंटर आणि कॅप्सूल पाहिले का, सुरुंग कुठे लावला होता, हे चार ओळींत लिहा. रिव्ह्यू करणाऱ्याला तेच तर पुन्हा करावं लागणार असतं. वाटेत दिसलेली नावं बदलणं, फॉरमॅट नीट करणं, फंक्शन इकडून तिकडे हलवणं यातलं काहीही या पुल रिक्वेस्टमध्ये घालू नका. डिफमध्ये फक्त लाल ओळी असतील तर ती वाचायला दहा मिनिटं लागतात.

काढलेला तुकडा दुसऱ्या प्रकल्पातून घेतलेला असेल तर लायसन्सेस फोल्डरही उघडा. टोकनायझरमध्ये पायथनच्या मूळ सीएसव्ही मॉड्यूलचा अंश आहे, तारखांच्या फाइलीत डेटयूटिलवरून घेतलेले भाग होते. उसना कोड पूर्ण गेला असेल तरच त्याची परवान्याची नोंद काढायची. एक फंक्शन जरी उरलं असेल तरी नोंद राहते.

वेळही निवडून घ्या. अशी सफाई मेजर किंवा मायनर आवृत्तीच्या कामाच्या सुरुवातीला मेन ब्रँचमध्ये जाऊ द्या, रिलीज तोंडावर आलेलं असताना नको, आणि पॅच रिलीजमध्ये तर कधीच नको. मेनवरून नाइटली व्हील (रिलीजआधी तपासण्यासाठीची तयार पॅकेजं) बनतात आणि पांडाजवर उभ्या असलेल्या इतर लायब्रऱ्या त्यांच्यावर आपल्या टेस्ट चालवतात. कोणी खासगी फंक्शन गुपचूप वापरत असेल तर ते तिथे कळतं, आणि तोवर रिलीजला काही महिने शिल्लक असतात. अशी तक्रार आली तर फंक्शन तात्पुरतं परत ठेवून त्या प्रकल्पाला सार्वजनिक पर्याय दाखवा, आणि पुढच्या खेपेला काढा.